सहा नंबरची मान

चहाचा कप उचलण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहायचा, एकदा उजव्या. मग पहिला घोट. सायकलवर टांग टाकतानाही तेच. देवळात घंटा वाजवण्याआधीसुद्धा तो मागे पाहतो, असं त्याची बहीण सांगायची. मिलच्या कँटीनमध्ये नवा कुणी आला की हळूच विचारायचा, "याच्या मागे पोलीस लागलेत का हो?"

त्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मागं कोन हाये ते पाहून घ्यावं बाबूजी. समोरचं तं दिसतेच."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नागपूरच्या एका कापड गिरणीत, म्हणजे आमच्या भाषेत मिलमध्ये, टाइम ऑफिसात कारकून होतो. मिलचा फुटबॉलचा संघ होता, आणि मला खेळातलं कळतं असा वरच्या कुणाचा तरी गैरसमज झाल्यामुळे मी त्याचा सेक्रेटरी. सेक्रेटरीने हाफटाइमला लिंबू-मीठ पुरवायचं, धोब्याकडून जर्सी आणायच्या, आणि सामना संपला की निकालाची चिठ्ठी लिहून सायकलवरून वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचवायची. किती गोल झाले आणि ते कुणी केले, एवढंच त्या चिठ्ठीत मावायचं.

तो लेफ्ट हाफ होता. आता मिडफिल्डर म्हणतात, तेव्हा आम्ही नुसतं 'हाफ' म्हणायचो. जर्सी सहा नंबरची, वय वीसच्या आतबाहेर, पाय अगरबत्तीच्या काड्यांसारखे. घर रामटेककडचं, धान पिकवणारं. इथे नागपुरात तो नंदनवन वस्तीत बहिणीकडे राहायचा.

"मागं पाहायचं कुठं शिकला गा?" मी एकदा विचारलं.

"बांधीत," तो म्हणाला. बांधी म्हणजे धानाचं शेत. "धान कापलं का आमी पोट्टे तिथंच खेळाचो. पर गावचे ढोरंबी तिथंच चराले सोडतेत. मागं नाही पाहिलं तं शिंग लागते ना बाबूजी!"

आम्ही हसलो. पण तुम्ही रेशीमबागेच्या मैदानावर त्याला खेळताना पाहिलं असतंत, तर त्या ढोरांचे उपकार मानले असतेत. तेही दिसलं असतं तर. कारण तुमची नजर, माझ्यासारखीच, चेंडूमागे धावली असती. बघायला हवी होती ती चेंडू येण्याआधीची त्याची मान. चेंडू पायाशी येईपर्यंत पुढचं सगळं त्याच्या डोक्यात ठरलेलं असे. एक स्पर्श, आणि चेंडू जिथे हवा तिथे. टाळ्या पुढच्याला. मलाही हे उमगायला अख्खा एक हंगाम लागला, आणि म्हणे मी सेक्रेटरी!

मैदानावर मात्र एका बाजूला तो कधीच मागे पाहत नसे. डावीकडे त्याच्या मागे लेफ्ट बॅकला आमचे काका खेळायचे. काका म्हणजे विणाई खात्यातले फिटर, चाळिशीचे, पोट सुटलेले. सामनाभर ते त्याला शिव्या घालायचे आणि सामना संपला की डब्यातलं उकडलेलं अंडं त्याच्या हातावर ठेवायचे.

"तिकडं काहून नाही पाहत?" मी विचारलं.

"तिकडं काका हायेत ना. भरोसा हाये तिकडं काय पाहाचं?"

आता त्याच्या अडचणीचं सांगतो. मिलने खेळाडू घेतले तरी ते 'बदली' म्हणून घ्यायचे. रोज सकाळी भोंग्याला गेटवर उभं राहायचं. कायम कामगार कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. लीग संपल्यावर त्यातला एखादा पर्मनंट व्हायचा. त्याच्या वडिलांनी दोन हंगामांची मुदत दिली होती. दुसऱ्या हंगामात पर्मनंट झाला तर ठीक, नाहीतर धानकापणीला घरी यायचं आणि बूट आढ्याला टांगायचे. तो दुसरा हंगाम चालू होता.

पर्मनंट कुणाला करायचं ते लेबर ऑफिसर ठरवायचे. साहेब मैदानावर कधी फिरकले नाहीत. ते सकाळी वर्तमानपत्र उघडायचे आणि गोल करणाऱ्याच्या नावाखाली तांबड्या पेन्सिलने रेघ ओढायचे. हाफचं नाव तिथे कसं येणार? दोन हंगामांत त्याच्या नावाखाली एकही रेघ नव्हती.

लीगच्या शेवटून दुसऱ्या सामन्यात चिखल एवढा होता की जर्सीचे नंबर दिसत नव्हते. गोलसमोर झुंबड उडाली, त्याने बाहेरून चेंडू मारला, आणि तो कुणाकुणाला लागत आत गेला. आम्ही एक शून्यने जिंकलो. सगळे सेंटर फॉरवर्डला मिठ्या मारत होते. सायकलच्या सीटवर कागद ठेवून मी चिठ्ठी लिहायला घेतली. सेंटर फॉरवर्डचं नाव लिहिलं, खोडलं, आणि याचं लिहिलं. चिखलात कुणी पाहिलंय, म्हटलं. भलं करतोय या खुशीत मी कचेरीपर्यंत शीळ घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची तांबडी रेघ त्याच्या नावाखाली पडली. दुपारी तो वर्तमानपत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"बाबूजी, हे कोनं लिवलं?"

"मी."

"काहून? तो गोल माहा नाही. माहा बॉल गोलात जातच नव्हता. सेंटर फॉरवर्डच्या घुडघ्याले लागून गेला."

"अरे बाबा, कोणी पाहिलं नाही!"

"म्या पाहिलं ना."

"तुले पर्मनंट व्हाचं हाये का नाही?"

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "त्यालेबी व्हाचं हाये बाबूजी. तोबी बदलीच हाये. दोन लेकरं हायेत त्याले."

मला ओशाळल्यासारखं झालं, असं लिहिलं की फार थोडं लिहिल्यासारखं होतं. गेटवर रोज सकाळी त्या सेंटर फॉरवर्डचीही हजेरी मीच लिहीत होतो. त्याचं नाव खोडताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

आमचा हाफ सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि गोल कुणाचा ते सांगून आला. साहेबांनी रेघ खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला, तांबडी पेन्सिल काही पुसली जाईना. त्या वर्षी सेंटर फॉरवर्ड पर्मनंट झाला. चांगलंच झालं, पण माझी मान पुढे कितीतरी दिवस वर झाली नाही.

त्यानंतर एक फरक पडला. पूर्वी कँटीनमध्ये तो माझ्याकडे पाठ करून खुशाल बसायचा. आता चहाचा कप उचलण्याआधी त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबायची. बोलायचा पूर्वीसारखाच, पण पाहून घ्यायचा.

शेवटच्या सामन्याला समोरचा संघ छत्तीसगडकडच्या एका कारखान्याचा, लीगमध्ये पाहुणा म्हणून घेतलेला होता. आम्ही हरलो. त्यांचा म्हातारा ट्रेनर मात्र चालत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वो छे नंबर का लड़का कौन है? बॉल आने से पहले देखता है." इतक्या दिवसांत एकाच सामन्यात त्याची मान पाहिलेला हा पहिला माणूस. त्याने त्याला चाचणीला बोलावलं, आणि सेक्रेटरीचं पत्र घेऊन यायला सांगितलं.

पत्रासाठी तो माझ्यासमोर उभा राहिला. "जसं हाये तसंच लिवा," एवढंच म्हणाला.

मी लिहिलं, हा दोन हंगाम खेळला, गोल एकही केला नाही. पुढे अर्धं पान तो काय करतो ते लिहिलं. आयुष्यात मी इतका जपून कागद लिहिला नाही. पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"वाचून घे."

"काहून? तुमी लिवलं ना." त्याने घडी केली आणि खिशात ठेवली. माझे डोळे भरून आले. मी उगाच दौतीचं झाकण शोधत बसलो.

कापणी सुरू होता होता त्याचं एक पोस्टकार्ड आलं. "पर्मनंट झालो. बाबाले सांगजा. इकडं ढोरं नाहीत, पर मी पाहतोच." मी रामटेकच्या पुढे त्याच्या गावी जाऊन त्याच्या वडिलांना ते कार्ड दोनदा वाचून दाखवलं. ते विळा घेऊन बांधीत उभे होते. "बरं झालं," म्हणाले, आणि पुन्हा कापायला वाकले. तो नंतर आमच्याकडे खेळायला कधीच आला नाही. सहा नंबरची जर्सी पुढे कुणाकुणाच्या अंगावर पाहिली, पण ती मान दिसली नाही.

मला आठवतो तो त्याला गाडीत बसवून दिल्याचा दिवस. काका होते, मी होतो. काकांनी शिवी हासडून अंड्यांचा डबा त्याच्या हातात दिला. गाडी हलली, तो दारात चढला. आता मागे पाहील, मग पाहील, म्हणून मी हात वर करून उभा राहिलो. गाडी फलाटाबाहेर गेली तरी त्याने एकदाही, कुठल्याच खांद्यावरून, मागे पाहिलं नाही.