दोन माणसांची होडी

आधी ते होडीला कान लावत. डोळे मिटून, बराच वेळ. मग तळहाताने दाबून म्हणत, "हाय. हाय अजून."

चांदूर रेल्वेकडच्या एका धरणावर ते शोधपथकाचं सामान सांभाळत. बुडालेल्यांच्या बातमीसाठी तिकडे कधी गेला असाल, तर पत्र्याच्या शेडसमोरचा हा उंच, अनवाणी माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्यांचा धाकटा भाऊ याच पाण्यात गेला होता. अडकलेलं जाळं सोडवायला उतरला आणि वर आला नाही. शोध थांबला, पथक परतलं. हे तिथेच राहिले आणि पुढे पथकातच लागले. दुसऱ्यांची माणसं काढताना ते आपल्या माणसाला शोधत. हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही.

काठच्या गाळात, बेशरमाच्या झुडपांत पथकाची मोटारबोट शिरत नसे. तिच्यासोबत हवा भरून फुगवायची छोटी रबरी होडी हवी होती. निवडीच्या दिवशी तीन नमुने शेडसमोर फुगवून ठेवले होते. इतरांनी झडपा आणि जोड तपासले. हे प्रत्येक होडीत, एका कडेला सरकून, उताणे झोपले.

"काका, होडी पाहून रायले का बाज?" मोटारबोट चालवणारा म्हणाला. सगळे हसले.

"दोन मानसं आडवे मावले पायजे."

"दुसरा कोन?"

"ज्याले आनाले जाईन तो."

"अन् तुमी बी झोपान, त वल्हं कोन मारन?"

त्यांनी तिसरी होडी घेतली.

तिचा गाळ धुऊन ते तिला सावलीत वाळवत, रबर चिकटू नये म्हणून आतबाहेर टाल्कम पावडर लावत आणि फळ्यांवर ठेवत. घडी घालत नसत. घडीवर रबर चिरतं. थोडी हवा कायम राहू देत. पाण्यात नेण्याआधी मात्र पावडर फडक्यानं पुसून काढत. "वला मानूस पावडरीवर ठेवू नये, भाऊ. अंगाले चिकटते."

मे महिन्यातल्या एका दुपारी मी बातमीसाठी गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला शेडमध्ये नेलं. सकाळी सैल पडलेली होडी आमच्यासमोर हळूहळू ताठ होत होती. फळ्या करकरल्या.

"उन्हानं हवा फुगते," मी म्हणालो.

"बरोबर हाय तुमचं. आत पाहा."

मी वाकलो. पांढऱ्या पावडरीत डाव्या कडेला एका माणसाच्या लांबीची जागा पुसलेली होती.

"तुम्ही झोपता इथे?"

"माही जागा ते हाय," त्यांनी उजवी कड दाखवली. तिथली पावडर जशीच्या तशी होती.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, होडी धरणाच्या मध्यावर दिसली. मोटारबोटीतून आम्ही दोघं गेलो, तो चालवणारा आणि मी. नांगर टाकलेला होता. वल्ही नीट आत ठेवलेली. ते नव्हते. पथकानं चार दिवस पाणी पिंजून काढलं. ते सापडले नाहीत. बातमीत मी एवढंच दिलं.

दिलं नाही ते असं. होडी पाण्यात होती, पण पावडर पुसलेली नव्हती. तिच्यात फक्त दोन जागा उमटलेल्या होत्या, शेजारीशेजारी, माणसाच्या लांबीच्या; वल्हं मारायला बसतात तिथली पावडर जशीच्या तशी होती. उजवी कोरडी. डावीत पावडरीचा चिखल झाला होता.

चालवणाऱ्यानं इंजिन बंद केलं. आधी त्या दोन जागांकडे, मग आत ठेवलेल्या वल्ह्यांकडे त्यानं पाहिलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "मंग वल्हं कोनं मारलं?"