ओवीवरून गेलेलं विमान
पंख्याचं विमान डोक्यावरून गेलं की न्हावऱ्यातली ती दुपार आठवते आणि अजूनही चिडायला होतं. आमच्या चुलत्यांना, आप्पांना, धनगरी ओव्या तोंडपाठ होत्या, आणि त्या टेप करायला मी पुण्याहून टेपरेकॉर्डर मागून आणला होता. कॅसेट मात्र एकच होती. कांद्याच्या चाळीशेजारी बसून ते रंगात आले, तोच वरून विमान घूंऽ घूंऽ करत निघालं. आप्पा गायचे थांबले. "ह्याचा आवाज असा मोठा-बारीक का व्हतो गं?" "दोन पंखे असतात, आप्पा. एक किंचित जोरात फिरतो. आवाज जुळले की मोठा होतो, चुकले की बारीक. तुम्ही गा." "मग दोन्ही सारखं का फिरवत न्हाईत?" "फिरवतात, पण थोडा फरक राहतोच. आप्पा, टेप चालू आहे." "व्हय, पर पंखा मुळात वरडतो कशानं?" "पाती हवा कापतात म्हणून," मी वैतागून म्हणाले. प्रत्येक शंकेनंतर ते ओवी पहिल्यापासून धरत आणि नवी शंका आली की पुन्हा थांबत. विमान केव्हाच दिसेनासं झालं होतं. शेवटी कॅसेट संपली. पुढच्या खेपेला दुसरी आणायचं ठरलं, पण त्याआधीच आप्पा गेले. आता घरातली पोरं त्यांचं गाणं ऐकायला मागतात, तेव्हा मी तीच कॅसेट लावते. तिच्यात ओवी जेमतेम ऐकू येते, आणि बाकी सगळा वेळ मी आप्पांवर चिडत असते.