सगळ्यांच्या किल्ल्या माझ्यापाशी

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटाच्या मराठी ग्रुपात मी 'बेस कॅम्पवाल्या काकू' होते. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की दर ऑक्टोबरात सगळे उत्तरेकडच्या डोंगरावर फायर टॉवर बघायला चढायचे, आणि मी खाली पार्किंगपाशी लाकडी बाकावर बसून मिसळीच्या पातेल्याची आणि गाड्यांच्या किल्ल्यांची राखण करायची.

किल्ल्यांची भानगड अशी. एका वर्षी कुणाची तरी किल्ली वर टॉवरपाशी पडली. त्या दिवसांत डोंगरावर घोटा बुडेल इतकी पानं असतात. अख्खा ग्रुप ओणवा होऊन पानं चाळत बसला, किल्ली काही मिळाली नाही, शेवटी कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. तेव्हापासून नियम झाला, किल्ल्या बेस कॅम्पला. म्हणजे माझ्याकडे.

पहिल्या वर्षी मी थांबले, कारण कुणाचं तरी तान्हं बाळ होतं आणि त्याच्या आईला वर जायचं होतं. मग जेवणाचं बघायला कुणीतरी हवं म्हणून थांबले. मग माझा गुडघा कुरकुरायला लागला. कारणं बदलत गेली, बाक तोच राहिला. दुपारी आमचे हे घाम पुसत खाली यायचे आणि मला वरचं वर्णन ऐकवायचे. "अगं, डावीकडे एवढं मोठं तळं दिसतं, निळंशार!" मी त्यांच्या मिसळीवर शेव घालत ऐकायचे.

मागच्या हिवाळ्यात गुडघा बदलला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, बरं झाल्यावर काय करायचंय? मी म्हटलं, फायर टॉवर. मग काय, वसंतभर मॉलच्या पार्किंगचे जिने चढले, उतरले, रडले, गुडघ्याला शिव्या घातल्या, पुन्हा चढले. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळी नोकरी उभ्यानं केलेली बाई आहे मी, इतक्यात बसणार नव्हते. सर्जननं स्वच्छ सांगितलं, खुशाल चढा, फक्त काठ्या घ्या आणि उतरताना घाई नको.

सप्टेंबरात मी ग्रुपवर लिहिलं, 'या वर्षी मीपण वर येणार.' चार-पाच अंगठे आले. पाठोपाठ यांचा मेसेज, 'आमच्या सौ. नेहमीप्रमाणे बेस कॅम्प सांभाळतील.' पुढे जोडलेले हात. त्याला माझ्यापेक्षा जास्त अंगठे मिळाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, मला विचारलंत?"

"काळजी वाटते म्हणून लिहिलं. त्या टॉवरचा जिना फार वाईट आहे. जाळीच्या पायऱ्या, पायाखालचं सगळं दिसतं. तुला झेपायचं नाही."

मी काठ्या तेवढ्या मागच्या सीटखाली ठेवून दिल्या.

त्या सकाळी ग्रुपच्या म्होरक्यानं नेहमीसारख्या किल्ल्या गोळा केल्या. हा मूळचा नागपूरचा, आयटीतला, गळ्यात शिट्टी घालून फिरणारा मुलगा. किल्ल्यांची पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "काकू, सांभाळा हं! आणि चहा रेडी ठेवा." सगळे वळणाआड गेले. हेही गेले, मागे वळून हात हलवत. मी बाकाकडे बघितलं. बाकावर माझ्या आधीच पिवळी पानं येऊन बसली होती. बसू देत, म्हटलं. पातेलं गाडीत ठेवलं, गाडी बंद केली, पिशवी कमरेला बांधली, काठ्या काढल्या आणि निघाले. तिथं फोनला रेंज नव्हती, नाहीतर कळवलं असतं. कदाचित.

चढ खरोखरच उभा होता. पानांखाली ओकची फळं, त्यांवरून पाय घरंगळायचा. ठिकठिकाणी लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या, त्याही गुडघाभर उंच. माझे नाकी नऊ आले. दर वळणावर काठ्यांवर रेलून मी श्वास घ्यायचे आणि कमरेच्या किल्ल्या खुळखुळायच्या. 'झेपायचं नाही' हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं, की शेवटी त्या तालावरच पाय पडायला लागले.

अर्ध्याहून बरीच वर आले आणि समोरून आमची वरात उतरताना दिसली. म्होरक्या जागीच थांबला.

"काकू? तुम्ही इथे काय करताय?"

"चढतेय."

"अहो, पुढचा पॅच सगळ्यात स्टीप आहे. काही झालं तर मी रिस्पॉन्सिबल. तुम्ही काकांबरोबर हळूहळू उतरा, किल्ल्या माझ्याकडे द्या."

"देईन की. टॉवर बघून खाली आले, की."

"सगळ्यांना भूक लागलीय, यार... म्हणजे, काकू."

"मलाही लागायची. तुम्ही सगळे खाली येईपर्यंत दरवर्षी उपाशी बसायचे मी. कुणी विचारलंत?"

 म्होरक्याची शाळकरी लेक तेवढी हसून म्हणाली, "लेट हर गो, बाबा." हे सगळ्यांच्या मागे उभे राहून बुटांकडे बघत होते. मी विचारलं, "अहो, तुम्ही खाली जाताय की माझ्याबरोबर येताय?" ते मुकाट्यानं परत फिरले. वाटेत मी ठेचकाळले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी तो घेतला नाही.

झाडी संपली आणि टॉवर समोर आला. पूर्वी वणव्याचा धूर दिसतो का हे बघायला माणूस बसायचा, ती ही लोखंडी पायांवरची खोली. ह्यांनी तडक एक सपाट दगड गाठला आणि बसले, इतके सवयीनं, की मला जरा नवलच वाटलं.

"तू जाऊन ये. माझं बघून झालंय."

"चला की. ते तळं मला तुम्ही दाखवा."

त्यांनी एकदाच वर बघितलं. दोन्ही हातांनी दगड घट्ट धरला होता. चेहरा पडलेला. विमानात खिडकीची सीट इतकी वर्षं प्रेमानं मलाच का मिळत आली, ते मला त्या दगडापुढे उभी असताना कळलं.

मी एकटीच चढले. जाळीतून खालची झाडं दिसत होती, पण नवा गुडघा शहाण्यासारखा वागला. वर वारा असा, की ओढणी तोंडावर. चहूकडे डोंगर, तांबडे, पिवळे, गंजलेल्या रंगाचे, पार धुक्यात विरेपर्यंत. डावीकडे तळं नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. मी कठड्याला धरून दोन फेऱ्या मारल्या.

आधी हसू आलं. मग राग आला, खरा राग. हेही दरवर्षी बसूनच असायचे, फक्त त्यांची जागा वर होती. आणि भीती त्यांची, ठपका माझ्या गुडघ्यावर! मी तिथं मुद्दाम बराच वेळ उभी राहिले. इतक्या वर्षांचं बघायचं राहिलं होतं.

खाली आले तेव्हा त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "दिसलं तळं?"

"नाही."

उतरताना ते माझ्या मागून आले.

पार्किंगमध्ये मंडळी फुटपाथवर पाय पसरून बसली होती. मी ज्याची त्याला किल्ली दिली. मिसळ गरम झाली, पहिला घास पोटात गेल्यावर म्होरक्याही निवळला. म्हणाला, "पुढच्या वर्षी बेस कॅम्पला कोण, ते आत्ताच ठरवू बाबा." सवयीनं सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी कमरेची रिकामी पिशवी सोडली आणि यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"आमचे हे सांभाळतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकेन, असं त्यांना वाटलं असणार. मी शेवेचा डबा उघडला. त्यांनी पिशवी उचलून खिशात घातली.

"हो," ते म्हणाले. "मी थांबेन खाली."

मी त्यांच्या मिसळीवर शेव घातली. "काळजी करू नका," म्हटलं, "वरून आले, की तळं कसं दिसतं ते सांगेन."