अडतीस अंशांची वही

पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं पावसाचे आकडे एका रजिस्टरातून दुसऱ्या रजिस्टरात उतरवले. त्यातला एकही मी स्वतः मोजलेला नव्हता. निवृत्त झाल्यावर स्वतः मोजायची हौस उफाळून आली आणि मी गुलमंडीवरून थर्मामीटर आणून गॅलरीतल्या खिळ्याला टांगला. तेव्हापासून रोजचा सूर्योदय, सूर्यास्त आणि दुपारी अडीचचं तापमान वहीत लिहितो. एकदा तापानं फणफणलो होतो, तेव्हाही उठून आधी भिंतीचं तापमान घेतलं, मग स्वतःचं. माझ्या बायकोचं, मीनाक्षीचं म्हणणं असं, की घरात एक हवामान खातं पोसलंय आणि त्याला चार वेळा चहा लागतो.

गेले दोन उन्हाळे माझी वही फार गोड बातमी देत होती. पेपरात शहराचं तापमान बेचाळीस, वहीत अडतीस. हा फरक मी फाटकाशी लावलेल्या तीन कडुलिंबांमुळं पडतो, असा शोध मी लावला आणि भेटेल त्याला पकडून सांगितला. झाडं अजून माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. पण एवढा मोठा शोध लागल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतो?

त्याच फाटकाबाहेर, पत्र्याच्या आडोशाला, पारूबाई इस्त्रीचं काम करतात. मूळच्या पाचोडच्या. कोळशाची जड इस्त्री दिवसभर फिरवायची आणि वर तापलेला पत्रा. यंदा एप्रिलात त्यांनी सोसायटीकडं अर्ज दिला: उन्हाळाभर बारा ते चार एवढा वेळ आत पार्किंगमध्ये टेबल लावू द्या. आमचा अध्यक्ष श्रीरंग वाळूजला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आकड्याशिवाय त्याचं पान हलत नाही. भर मीटिंगमध्ये तो मला म्हणाला, "काका, तुमची वही काय म्हणते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी चष्मा पुसला आणि सबंध एप्रिल तारीखवार वाचून दाखवला. "आपल्याकडं अडतीसच्या वर जातच नाही," असा समारोपही केला. अर्ज नामंजूर झाला. खोटं कशाला बोलू, मी घरी आलो तो तरंगतच. माझ्या आकड्यांवर एक ठराव झाला होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारूबाईंना काम करताना घेरी आली आणि तापलेली इस्त्री मनगटावर टेकली. चांगला तळहाताएवढा चट्टा उठला. मी खाली जाऊन पदराला कांदा बांधायचा सल्ला दिला आणि वर ज्ञानही पाजळलं, "वहीत तर अडतीसच आहे."

"मंग माझ्यातच काय तरी बिघाड आसंल, साहेब," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. याची आज लाज वाटते.

मग आली वीस मे. या तारखेच्या आसपास आपल्या शहरात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. सकाळी वहीत लिहिलं: उगवला पाच एक्कावन्नला, मावळणार सहा एकोणसाठला, दिवस तेरा तास आठ मिनिटांचा. नंतर स्टीलचा पेला, वही आणि खास थाट म्हणून थर्मामीटर असा सगळा सरंजाम घेऊन फाटकाशी गेलो. सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण होतं. आली एकटी मीनाक्षी, तीही दळणाला निघाली होती म्हणून.

पारूबाईंच्या टेबलाची जी कड पत्र्याबाहेर उन्हात येत होती तिच्यावर पेला पालथा घातला, थर्मामीटर पत्र्याखालच्या खांबाला अडकवला. बारा पंचवीसला पेल्याची सावली गेली. मी टाळ्या वाजवल्या. मग थर्मामीटर पाहिला, तर पारा पंचेचाळीसवर. बिघडला म्हणून मी तो झटकला, टिचक्या मारल्या. पारा हलला नाही.

"अहो, वर तो कूलरच्या तोंडासमोर असतो," मीनाक्षी म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी तुम्हीच नाही का दुपारच्या झोपेसाठी गॅलरीत खाट आणि कूलर हलवला?"

मी थर्मामीटर घेऊन तीन जिने चढलो आणि तो पुन्हा खिळ्याला टांगला. कूलर चालूच होता. पाहता पाहता पारा अडतीसवर उतरला. दोन उन्हाळे मी शहराचं हवामान म्हणून कूलरचं हवामान लिहीत होतो आणि श्रेय त्या बिचाऱ्या रोपांना देत होतो.

श्रीरंगला लगेच फोन केला. तो म्हणाला, "काका, ठराव झालाय. जूनअखेरच्या मीटिंगला घेऊ." जूनअखेर पत्रा तापणार नव्हता. ठरावात पारूबाईंच्या टेबलाला मनाई होती, माझ्या स्कूटरनं उन्हात उभं राहायला नव्हती. मी स्कूटर बाहेर काढली आणि मनाई मोडून माझ्या पार्किंगच्या जागेत टेबल आणायला पारूबाईंना हातभार लावू लागलो. ओढता ओढता सगळं कबूल केलं: कूलर, खिळा, मीटिंग.

त्यांनी ऐकून घेतलं. टेबल सावलीत टेकवलं, पट्टी बांधलेला हात जरा चोळला.

"वही चुकली, समजलं," त्या म्हणाल्या. "पर साहेब, तुमी सोता रोज दुपारी कपडे घ्यायला खाली येत व्हता की. तवा तुमाला ऊन लागत नव्हतं का?"

"माझ्याकडं छत्री होती," मी म्हणालो.