कॅरिअरवरून दिसणारा रस्ता

रविवार, १७ नोव्हेंबर, सकाळचा चहा झाल्यावर. हजर: मी, माझा नवरा, कल्याणहून आलेले धाकटे दीर आणि बेंगळुरूहून फोनच्या पडद्यावर आमची मुलगी. सायकल खाली जिन्याजवळ, पाण्याच्या पाइपला साखळीनं बांधलेली. विषय तिचाच होता.

मी मुद्दे लिहून ठेवले होते. ही माझी नोकरीतली सवय. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायची आणि नवरा टूलरूममध्ये साचे बनवायचा. चिठ्ठीशिवाय मी साधं ड्रिलसुद्धा देत नाही ही तक्रार घेऊन तो माझ्या खिडकीशी आला, ती आमची पहिली भेट. त्या रविवारच्या कागदावर नवऱ्याच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा होत्या. बाथरूममध्ये मोठा दिवा लावायचा होता, हॉलमधलं काचेचं टीपॉय काढून टाकायचं होतं. दिरांनी स्वतःचे डोळे तपासून घ्यायचे होते, कारण काचबिंदू घराण्यात उतरू शकतो असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. सगळ्यात शेवटी सायकल. त्या मुद्द्यापुढे तो काय काय म्हणेल आणि त्यावर आपण काय म्हणायचं, तेही लिहिलं होतं. भांडण होणार याची मला खात्री होती. या माणसाची सायकल सोडवायची म्हणजे काय करायचं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगी हॉस्टेलला गेली त्या वर्षी कंपनीनं नवऱ्याला चीनमधल्या एका कारखान्यात साच्यांच्या कामावर देखरेखीला पाठवलं. मी नोकरी सोडून बरोबर गेले. त्या शहराचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. आमच्या खोलीपासून कारखाना, बाजार, नदीकाठ, सगळं सायकलच्या अंतरावर होतं. भारतात परतणाऱ्या एका सहकाऱ्यानं जाताना आपली जुनी सायकल आम्हाला दिली. पुढे तारेची टोपली, मागे रुंद कॅरिअर आणि त्यावर बसायला छोटी गादी. मला सायकल येत नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर शिकायची हिंमतही झाली नाही. म्हणून माझी जागा मागे.

तिथे सायकलींना रस्त्याच्या कडेनं वेगळी वाट असते, मधे झुडपांची रांग. संध्याकाळी कारखाने सुटले की ती वाट भरून वाहायची. कुणाच्या टोपलीत पालेभाजी, कुणाच्या हँडलला पाण्याच्या पिशवीत जिवंत मासा. एखादी आजी नातवाला मागच्या वेताच्या खुर्चीत बसवून अगदी सावकाश चाललेली असायची, आणि तिच्यामागे अडकलेली सगळी माणसं घंटी न वाजवता तिच्याच वेगानं जायची. कोपऱ्यावर पंक्चर काढणारा पाण्याचं घमेलं घेऊन बसलेला असे. गिऱ्हाइकांसाठी त्यानं ठेवलेल्या बुटक्या स्टुलांवर गिऱ्हाइकं क्वचित, पत्ते खेळणारे म्हातारेच जास्त. कुणाला सायकलची लाज नव्हती आणि कुणाला कौतुकही नव्हतं. आपण चपला घालतो तशी ती माणसं सायकलवर बसायची.

मागे बसायचीही रीत होती. उभ्या सायकलवर कुणी बसत नसे. चालवणारा पुढे निघायचा, आपण चार पावलं शेजारून पळायचं आणि चालत्या सायकलवर एका बाजूनं अलगद बसायचं. पहिल्यांदा मी बसले ती गादीवर न बसता थेट रस्त्यावर. मोठ्या चौकात पिवळा झेंडा घेतलेली एक बाई उभी असायची. मागे माणूस बसलेला दिसला की ती शिट्टी फुंकायची. मग मी चौकाआधी उतरायची, चालत चौक पार करायची आणि पलीकडे पुन्हा पळत बसायची. ती बाई सगळं बघत असे. पलीकडे बसलेलं तिला चालत होतं.

खरी अडचण वेगळीच होती. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, आणि नवऱ्याचं मन डावीकडे ओढ घ्यायचं. त्यात विजेच्या स्कूटर. त्या आवाज न करता मागून यायच्या, कधी उलट्या दिशेनंही. दोनदा आम्ही झुडपात गेलो. तेव्हा मी ठरवून टाकलं. उजवीकडून काही आलं की उजव्या खांद्यावर हात टेकवायचा, डावीकडून आलं की डाव्या. थांबायचं असेल तर दोन्ही.

"घोडा केलास माझा," तो म्हणाला.

"घोडा बरा. त्याला कळतं कुठे वळायचं ते."

हळूहळू हात आपोआप टेकायला लागले. त्याला मान वळवावी लागत नसे, मला बोलावं लागत नसे. आम्ही मुलीबद्दल, महिन्याच्या सामानाबद्दल, घरमालकाच्या कुत्र्याबद्दल बोलत जायचो आणि माझे हात मधूनमधून आपलं काम करायचे.

डोंबिवलीला परत आल्यावर त्यानं आल्या आल्या सायकल घेतली आणि तसंच कॅरिअर बसवून घेतलं. गादी मी तिथून बॅगेत घालून आणली होती. संध्याकाळी एमआयडीसीच्या निवासी भागातून भाजीला निघालो की रिक्षा स्टँडवरची पोरं वाटच बघत असायची.

"काका, मीटर टाकलाय ना?"

"पास आहे तिचा," हा ओरडून सांगायचा.

"काकू, आम्ही नवी सीट घातलीय, या आमच्याकडे! किती दिवस त्या कॅरिअरवर?"

इमारतीतल्या बायका विचारायच्या, अगं, या वयात लाज नाही वाटत का? मला वाटत नव्हती. मी मोबाइलच्या रिचार्जपासून गॅसच्या नंबरापर्यंत घरातलं सगळं ध्यानात ठेवणारी बाई. दिवसातली तेवढी वीस-पंचवीस मिनिटं मला काहीच ध्यानात ठेवावं लागत नसे.

इथे वाहनं डावीकडून, तेव्हा त्याला माझ्या हातांची गरज राहिली नव्हती. पण सवय राहिली. पुढे रस्ते खणले गेले, गाड्या वाढल्या, कडेची जागा पार्किंगनं खाल्ली. माझे हात पूर्वीपेक्षा जास्त वेळा टेकायला लागले. रस्ता फार बेकार झालाय, असं आम्ही दोघंही म्हणायचो. ते खरंही होतं.

घरात मात्र हात टेकवायला मी मागे बसलेली नसायची. टेबलाच्या कडेचा ग्लास त्याच्या कोपरानं पडायचा. उघडं राहिलेलं कपाटाचं दार कपाळावर बसायचं. मी म्हणायची, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" तो म्हणायचा, "तू वस्तू जागेवर ठेव." दिवाळीच्या आधी तो टीपॉयला अडखळून पडला आणि चष्मा तुटला. नवा नंबर काढायला ठाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. नंबर राहिला बाजूला. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि कडेची नजर तपासायला आतल्या खोलीत पाठवलं.

खोली अंधारी होती. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून त्याला बसवलं, हातात बटण दिलं. वाडग्यात कुठेही बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या मुलीनं मला त्याच्या मागे उभं राहू दिलं. यंत्र सुरू झालं. मागून वाकून मलाही वाडग्याचा थोडा भाग दिसत होता. उजव्या कडेला एक ठिपका चमकला. बटण वाजलं नाही. तिथेच जरा खाली दुसरा चमकला. तो शांत बसून होता, काही येतच नसल्यासारखा.

"काकू, हात काढा," ती तपासणारी मुलगी म्हणाली.

माझा हात त्याच्या उजव्या खांद्यावर होता. कधी गेला, मला कळलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत तर त्यांना किती दिसतं ते आपल्याला कसं कळणार?"

मी हात मागे बांधून उभी राहिले. डावीकडे ठिपका आला, वर आला, पुन्हा उजवीकडे आला. बटण अधूनमधूनच वाजत होतं. ते वाजत नसताना मी समोरच्या भिंतीकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. वर्तुळात कडेनं सगळं काळं होतं, मधे उजेडाची लहानशी जागा. "कधीपासून कडेचं दिसत नाहीये?" त्यांनी विचारलं.

"दिसतं की," नवरा म्हणाला. "मी रोज सायकल चालवतो."

"एकटे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. बघायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाल्या. थेंब जन्मभर. थेंब घालूनही ती मधली जागा आणखी लहान होऊ शकते. सायकलचं त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही. येताना बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि मी सवयीनं त्याला गर्दी कुठवर आलीय ते सांगत राहिले.

तर त्या रविवारी मी थेंबांपासून सुरुवात केली. मुलीनं फोनवर वेळांचे गजर लावून दिले. दीर म्हणाले, "वहिनी, माझे डोळे ठणठणीत आहेत. काय तपासायचं?"

"यालाही ठणठणीतच वाटत होतं."

मग मी कागद उलटा केला आणि सायकल, एवढंच म्हणाले. बाकीचं वाचायच्या आत नवऱ्यानं खिशातून साखळीच्या कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"घेऊन जा रे," तो भावाला म्हणाला.

"दादा, अरे, आधी बोलू तर..."

"काय बोलायचं? काल जाऊन आलो मी. एकटाच."

मी स्वयंपाकघरात असताना तो खाली उतरला होता, हे मला तेव्हा कळलं. इमारतीमागच्या रिकाम्या गल्लीत त्यानं एक फेरी मारली होती.

"बाबा, पडलात का?" मुलीचा आवाज फोनमधून मोठा आला.

"नाही गं. शहाळ्याच्या गाडीला लागलो. उभी होती गाडी. इतकी मोठी, हिरवीगार. शहाळेवाला म्हणाला, काका, झोपलात काय?" तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "खांद्यावर हात आला नाही, म्हणून मला वाटलं रस्ता मोकळा आहे. पूर्ण गल्लीभर मला तसंच वाटत होतं. अजिबात भीती नाही वाटली."

माझ्या कागदावर त्याच्या सगळ्या मुद्द्यांना उत्तरं होती. याला नव्हतं. मी उठून चहाचे कप गोळा केले.

"मी मागे बसतो, तू शीक चालवायला," तो मागून म्हणाला.

"दादा, दोघांचे पाय एकाच दवाखान्यात प्लास्टरमध्ये बघायला यायचं का मी?" दीर म्हणाले, आणि तेवढ्यापुरतं हसू आलं सगळ्यांना.

दुपारी दीर सायकल घेऊन गेले. कल्याणपर्यंत चालवतच नेतो म्हणाले. मी गादी काढून घेते म्हटलं, तर नवरा म्हणाला, "राहू दे. गादीशिवाय ते कॅरिअर खडखडतं." तो फाटकापाशी उभा राहून बघत होता. दीर कोपऱ्यावर उजवीकडे वळले, म्हणजे त्याला दिसेनासे झाले, तरी मला अजून दिसत होते. "गेला का?" त्यानं विचारलं. मी थोडं थांबून हो म्हटलं.

त्यानंतर कागदावरची कामं मी एकेक करून संपवली. बाथरूममध्ये दिवा लागला. टीपॉय गेलं. दिरांनी डोळे तपासले, त्यांचा दाब सध्या ठीक आहे. दवाखान्यातल्या एक बाई कमी दिसणाऱ्यांना चालायचं शिकवतात, त्यांच्याकडेही जाऊन आलो. त्यांनी रीत सांगितली: मी पुढे, तो अर्धं पाऊल मागे, त्याच्या हातात माझा कोपर. माझं शरीर वळलं की त्याला वळण कळतं, मी थांबले की तो थांबतो.

"समोरचं मला दिसतं की," तो म्हणाला. "कडेचं हिला दिसतं. मग मी पुढे राहिलो तर काय बिघडलं?"

"आज दिसतंय काका," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आज शिकून घ्या."

त्याला कोपर धरणं दोन दिवसांत जमलं. कामाच्या गोष्टी तो लगेच शिकतो. माझं अडलं आहे. रोज सकाळी आम्ही दुधाला निघतो. फाटकातून निघताना मी पुढे असते. कोपऱ्यावर एखादी रिक्षा अंगावर आल्यासारखी येते, माझं पाऊल मागे पडतं आणि हात त्याच्या खांद्यावर जातो. खांद्यावर हात आला की तो बाजूला सरकून रस्ता मोकळा करतो आणि चालायला लागतो, पुढे, ताठ मानेनं, मघाशी ठरलेलं सगळं विसरून. दुकानापर्यंत मग तसेच जातो. दूधवाला दोघांना एकदम बघतो, त्याला त्यात काही चुकीचं दिसत नाही.

आज सकाळीही तसंच झालं. कागदावरचं बाकी सगळं झालं आहे. मी पुढे चालायचं, एवढं राहिलं आहे.