परकं वाटू नये म्हणून

धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात आमच्याकडे दोन कंपन्यांची दोन युनिक्स मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, होती. एकच कमांड एकावर नीट चालायची, दुसऱ्यावर भलतंच छापायची. ते जुळवायचं काम माझ्या एका सहकारिणीकडे होतं. "फरक लक्षात ठेवू की," असं कोणी म्हटलं, तर ती पडद्यावरून नजर न काढता म्हणायची, "माणसानं का लक्षात ठेवायचं? मशीनलाच शिकवू." वैतागली की अहिराणीत पुटपुटायची, "हाई बठ्ठं चुकेल शे," म्हणजे हे सगळं चुकलंय. दोन्हीकडे सारखं उत्तर आलं की खुर्ची मागे सरकवून नुसती बघत बसायची.

माझी जळगावला बदली झाली, तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली.

जळगावचं मशीन तिसऱ्याच कंपनीचं होतं. पहिल्या दिवशी मी धुळ्याच्या सवयीनं कमांड दिल्या आणि सगळ्या तशाच्या तशा चालल्या. तिथला ऑपरेटर म्हणाला, "धुळ्याच्या मॅडम रविवारी येऊन हे सगळं धुळ्यासारखं करून गेल्या. म्हणाल्या, येणाऱ्या माणसाला परकं वाटायला नको."

मी लगेच देवपूरला फोन लावला.

"चालतंय ना सगळं?" तिनं विचारलं.

"चालतंय," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं, ठेवते."

जळगावात होतो तोवर तिनं त्या मशीनसाठी लिहिलेल्या प्रोग्रामची एकही ओळ मी कोणाला बदलू दिली नाही.