सीवर आपलं काही ठेवायचं नाही

खुर्चीत बसण्याआधी तो खिशातून रुमाल काढायचा, दोन्ही हात मनगटापर्यंत पुसायचा आणि मगच माउसला हात लावायचा. पडद्यावर सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसली, की जिभेने 'च्च' करायचा आणि माझ्याकडे न बघताच विचारायचा, "वैनी, आपलं सामान कुठे ठेवलंय?"

"सीवर," मी म्हणायचे. चोरी पकडली गेल्यासारखी.

"सीवर आपलं काय ठेवायचं नाय. कितीदा सांगितलं!"

तुमच्याही सोसायटीत असा एखादा येत असेल. पाठीला काळी सॅक, सॅकच्या बाहेर लोंबणारी वायर, चपला दाराबाहेर आणि चहा विचारला की "नको, पाणी द्या." बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत तीन बिल्डिंगा मिळून हा एकच होता. नाव सांगत नाही. असलं लिहिलेलं त्याला आवडलं नसतं, "कशाला उगाच!" म्हणाला असता. सगळे त्याला कॉम्प्युटरवाले म्हणत. आमचे हे मात्र त्याला 'डीवाले' म्हणायचे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात मात्र तो कायम 'तो'च राहिला.

मी शाळेच्या गाइडांची प्रुफं तपासते, घरीच बसून. पहिल्यांदा त्याला बोलावलं तेव्हा माझा कॉम्प्युटर इतका मंद झाला होता, की क्लिक करून भाजी फोडणीला टाकून यावी, तरी फाइल उघडलेली नसायची. त्याने पाहिलं, 'च्च' केलं आणि मला शेजारी स्टुलावर बसवलं. त्याची ही पद्धतच होती. घरातलं कोणीतरी शेजारी बसल्याशिवाय तो कामाला हात घालायचा नाही.

"हे बघा. डिस्क एकच, पण मध्ये भिंत घातलीय. अलीकडे सी, पलीकडे डी. सी म्हणजे कंपनीची जागा. सिस्टिम तिकडे राहते. ती उद्या बिघडली, की फॉरमॅट. भिंतीच्या अलीकडचं सगळं साफ. पलीकडे कोण हात लावत नाय."

मग त्याने डीवर एक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'घर'. पुढे कळलं, सोसायटीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याने हाच उद्योग केलाय. डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स, जे जे आपसूक सीवर जाऊन बसतं, ते सगळं त्याने एकेक करून 'घर'मध्ये हलवलं. "राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह," असं पाढ्यासारखं म्हणत. नवीन प्रोग्रॅम टाकला तर तोही यापुढे डीवरच जाईल अशी सोय केली. माझ्याकडून तीनदा पाढा म्हणून घेतला. मी पन्नाशीची बाई, पण चौथीतल्यासारखी म्हटला.

सगळं त्याला यायचंच असं नाही हं. एकदा सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर त्याने अख्खा प्रोग्रॅमचा फोल्डरच उचलून पलीकडे नेला. दुसऱ्या दिवशी एकही प्रोग्रॅम उघडेना. सर्वसाधारण सभेची नोटीस आत अडकली आणि सेक्रेटरी खाली गेटपाशी "वाट लावली माझी!" म्हणून ओरडत होते. हा गेला, दुपारभर मान खाली घालून बसला आणि सगळं पुन्हा जागेवर आणलं. निघताना म्हणाला, "चूक माझी. प्रोग्रॅमला मुळं असतात. नवीन असेल तो तिकडे लावायचा. जुना उपटायचा नाय." आपली चूक इतक्या सरळ आवाजात सांगणारा पुरुष मी फार क्वचित पाहिलाय, आणि घरात तर नाहीच.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला त्या सीचा एवढा राग का हो?"

तेव्हा त्याने वडिलांचं सांगितलं. वडील गिरणीत. अंघोळ-पांघोळ, जेवण, सगळं पाळीच्या हिशोबाने. माणूस घरी कमी आणि गिरणीत जास्त. त्यामुळे चांगल्या वस्तू त्यांनी तिथल्या कपाटात ठेवलेल्या. जेवणाचा डबा, नवा चष्मा, भजनातले टाळ. संप झाला, गेटला कुलूप लागलं आणि ते उघडलंच नाही. "चष्म्याबिगर सहा महिने काढले बाबांनी. पेपर मी वाचून दाखवायचो. टाळ तर गेलेच. कंपनीची जागा ती कंपनीची. आपलं बिऱ्हाड आपल्या जागेत पायजे." एवढं बोलून तो पुन्हा पडद्याकडे वळला. त्यानंतर त्याने 'सी' म्हटलं, की मी हसणं बंद केलं.

स्टेशनमागच्या ज्या चाळीत तो राहायचा, ती रस्त्यात गेली. त्याला मानखुर्दला सहाव्या मजल्यावर खोली मिळाली. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "वैनी, आमचंच लोकेशन मूव्ह झालं," आणि स्वतःच हसला. मला नाही हसू आलं. त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. फोनवर मात्र असायचा. काही अडलं, की मी फोन करायचे आणि तो तिकडून पाढा म्हणायचा.

आता आईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

माझी आई मालवणकडची. शेवटची दोन वर्षं ती आमच्याकडे होती. दुपारी तिला झोप यायची नाही आणि मला काम सुचायचं नाही. तेव्हा मी मोबाइल तिच्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, बोल. ती बोलायची. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे त्या दाट कालवणात, तिरफळं कधी घालायची, गावातली कोण कोणाबरोबर पळून गेली, माझ्या बाबांनी तिला लग्नानंतर पहिलं खोटं कोणतं सांगितलं. अस्सल मालवणीत, शिव्यांसकट. ती रेकॉर्डिंग्ज मी कॉम्प्युटरवर, त्या 'घर'मध्ये ठेवली. आई गेली. त्यानंतर मी त्यातलं एकही ऐकलं नाही, धीरच झाला नाही. पण ती तिथे आहेत, एवढं मला पुरायचं.

मग माझ्या अंगात शहाणपण शिरलं. सीची पट्टी पुन्हा लाल झाली होती. डेस्कटॉप तेवढा त्याने तेव्हा हलवला नव्हता, तिथे प्रुफांचा ढीग. म्हटलं, एवढ्यासाठी त्या माणसाला मानखुर्दहून कशाला बोलवायचं? पाढा पाठ आहे की! राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. कुठे? डी. सरळ डी. डेस्कटॉपसाठी आधी वेगळा फोल्डर करायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. संगणकाने काहीतरी विचारलं, मी 'यस' म्हटलं. झालं काय, तर डेस्कटॉप आणि डी एकच होऊन बसले. डीवरचा 'घर' फोल्डर डेस्कटॉपवरही दिसायला लागला. एकाच खोलीला दोन दारं, असं ते होतं. मला वाटलं, झकास! आता सगळं समोरच दिसतंय.

आमच्या ह्यांना रिटायर झाल्यापासून एकच व्यसन आहे, घरातल्या डबल वस्तू काढून टाकणं. दोन किसण्या दिसल्या, की एक गेलीच म्हणून समजा. त्या दिवशी मी बाजारात गेले होते. परत आले तर हे खुशीत. "अगं, तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं डबल होतं. ते 'घर' डेस्कटॉपवर पण आणि डीवर पण. डेस्कटॉपवरचं उडवलं. कायमचं काढू का म्हणून विचारत होता, म्हटलं काढ बाबा."

मी पिशवी तिथेच टाकली. डी उघडला. 'घर' नव्हतं.

काय बोलले ते लिहीत नाही. आईच्या शिव्या मला एवढ्या पाठ आहेत, हे मलाच त्या दिवशी कळलं. हे बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी त्याला फोन लावला.

"मशीन बंद करा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. स्विच खेचा. एक अक्षर टाइप करू नका. त्याच्यावर नवीन काय लिहिलं गेलं तर जुनं मिटेल. मी येतो."

आला. दोन गाड्या बदलून, तासभर उशीर झाला म्हणून माफी मागत. रुमालाने हात पुसले, डिस्क काढली आणि नॅपकिनमध्ये गुंडाळून सॅकमध्ये ठेवली. मी रडत होते, सांगत होते की माझीच चूक. त्यावर म्हणाला, "तुमची नाय, माझी. मूव्ह शिकवलं, पण आधी खोली बांधायची आणि मग सामान हलवायचं, हे शिकवलं नाय. अर्धं शिकवणं म्हणजे फसवणंच झालं." जाताना बाथरूमच्या दाराशी थांबला. "साहेब, या बाहेर. वैनी काय करत नाय तुमका."

दोन आठवडे गेले. मी फोन करायला घाबरायचे. एका दुपारी तोच आला, डिस्क बसवली आणि म्हणाला, "आवाज आलेत वैनी. नावं नाय आली."

म्हणजे फाइली सापडल्या होत्या, पण प्रत्येकीचं नाव जाऊन नुसते आकडे उरले होते. मग या माणसाने काय करावं? मानखुर्दच्या खोलीत बसून त्याने एकूण एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि जे ऐकलं त्यावरून प्रत्येकाला नाव दिलं. मी यादी वाचत गेले. 'आई – बांगडा'. 'आई बाबांवर चिडल्यात'. 'आई गातात, मध्ये कुकर'. 'हसतात, कारण समजलं नाय'. 'गावच्या विहिरीचं, खूप छान'. आणि एक, 'हे एकटीने ऐकू नका'.

मला रडू आवरेना. तो पाणी पीत खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आमची मिसेस पण ऐकायची बाजूला बसून. तुमच्या आईच्या पद्धतीने तिखलं केलं तिने. तिरफळं शेवटाक घातली. फर्मास झालं होतं."

माझ्या आईने मानखुर्दला एका बाईला स्वयंपाक शिकवला, मेल्यानंतर. आईला हे कळलं असतं तर तिने दहा घरी सांगितलं असतं.

"एक मात्र नाय मिळाली," तो म्हणाला. "अगदी छोटी, काही सेकंदांची. दिसते, पण उघडत नाय."

ती कोणती, ते मला लगेच कळलं. म्हटलं, जाऊ दे हो, एवढं आणलंत. पण त्याने काही जाऊ दिलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. "वैनी, नवीन सॉफ्टवेअर मिळालंय, बघतो." "वैनी, एका ओळखीच्याला दाखवली, तो पण बघतोय." मी सांगून थकले. त्याच्या मनाने घेतलं होतं, की ही एक त्याच्या अर्ध्या शिकवण्यामुळे गेली.

पुढे त्याचे फोन थांबले. मी केला तर त्याच्या बायकोने उचलला. पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि टाके सुकत नव्हते. मग एका दुपारी तिचाच फोन आला. "ताई, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय. फार बोलू देऊ नका."

आवाज अगदी बारीक झाला होता. "वैनी, ती एक काय मिळाली नाय."

"अहो, सोडा ना आता ती!"

"नाय, पण होतं काय तिच्यात? तेवढं सांगा. निदान नाव तरी देतो."

मी सांगितलं. काहीच नव्हतं. मोबाइल चुकून चालू राहिला होता. मी इकडे प्रुफांत डोकं घालून बसले होते आणि आईने आतून हाक मारली, जेवलीस का म्हणून. बस, एवढंच.

"अशी नको," तो म्हणाला. "आई मारायच्या तशी मारा."

हॉलमध्ये हे पेपर वाचत बसलेले. आई गेल्यापासून मी मालवणी बोलले नव्हते, कोणाशी बोलणार? शिवाय साठीला आलेली बाई, फोनवर हाका काय मारायच्या! पण तो तिकडे थांबला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी डोळे मिटले आणि मारली हाक.

"बाय गोऽऽ! जेवलंस काय गो?"

शेवटचा तो 'गो' वर चढला, आईचा चढायचा तस्साच. हे पेपर टाकून दारात येऊन उभे राहिले. माझ्या घशात आई इतकी शिल्लक आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

फोनवर तो म्हणाला, एखाद्या पोराने पाटावरून उठत म्हणावं तसं, "जेवलंय गे आये."

चौथ्या दिवशी तो गेला. मी मानखुर्दला भेटायला गेले, तेव्हा त्याची बायको सांगत होती, की फोन केला त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला तोंडाने काहीच द्यायला मनाई केली होती. आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात घोटभर पाणीसुद्धा नव्हतं.